मोदक का फुटतो: उकडीमागचा तांदूळ, पाणी आणि कोकण

उकडीचा मोदक फुटला की पहिला दोष हाताला जातो. पारी, म्हणजे बाहेरचं आवरण, जाड झाली, मुखऱ्या, म्हणजे वरच्या कळ्या, नीट आल्या नाहीत, अजून सवय हवी, वगैरे. पण बहुतेक मोदक हातात येण्याआधीच फुटायचे ठरलेले असतात: गिरणीत, उकळत्या पाण्यात किंवा सारणाच्या कढईत. मुखऱ्या वळणं हा या पदार्थाचा दिसणारा भाग. मोदक तरतो तो तांदळावर आणि पाण्यावर. आणि ते तसं का आहे, हे समजायचं तर हा पदार्थ कुठल्या जमिनीत आणि कुठल्या महिन्यात घडला, तिथून सुरुवात करावी लागते.

आधी लाडू, मग मोदक

गणपतीच्या हातात मोदक असतो हे खरं, पण तो आपला उकडीचाच असेल असं धरून चालू नये. गुप्तकाळापासूनच्या मूर्तींमध्ये देवाच्या हातात गोडाची वाटी दिसते आणि सोंड त्या वाटीकडे वळलेली असते. वाटीत बहुतेक वेळा सरळसरळ गोल गोळे असतात, टोक नाही, कळ्या नाहीत. संस्कृतात मोदक म्हणजे वळून केलेला गोड गोळा, आजच्या भाषेत लाडू. आयुर्वेदात तर औषधी चूर्ण गुळात किंवा मधात वळून केलेल्या गोळ्यांनाही मोदकच म्हणतात. म्हणजे देव जुना, नाव जुनं, पण तांदळाच्या पांढऱ्या पारीत ओल्या नारळाचं सारण ही रचना किनारपट्टीने दिलेली आहे.

याचा पुरावा नकाशावर दिसतो. कोकणातून खाली उतरत जा. कर्नाटकात कडुबू, तमिळनाडूत कोळुकट्टै, केरळात कोळुकट्टा, आंध्रात कुडुमुलू. सगळीकडे तांदळाची उकड, आत नारळ-गूळ, वर वाफ. कोकणात आणि गोव्यात श्रावणात हळदीच्या पानात पातोळ्या होतात, त्याही याच कुळातल्या. गोव्याचे ख्रिस्ती लोक १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, त्याच पातोळ्या करतात. धर्म बदलला तरी पानही तेच, सारणही तेच. उलट घाट चढून देशावर गेलात की उकड संपते आणि कणकेचे तळणीचे मोदक सुरू होतात, आत सुकं खोबरं. तिथे पीक वेगळं, म्हणून मोदक वेगळा.

एक लांबचा नातेवाईकही आहे. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेल्या गणपतीला तिथे कांगितेन म्हणतात, आणि त्याला ‘कांगिदान’ नावाचा गोड पदार्थ वाहतात. आकार पुरचुंडीचा, वर पाकळ्या जुळवलेल्या, आत मसाले घातलेलं गोड सारण. फक्त तो तळलेला असतो. वाफेचा मोदक मात्र आपल्या किनाऱ्यावरच राहिला.

भाद्रपदात कोकणात घरात काय असतं?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला कोकणातलं भात अजून शेतात उभं असतं. कापणी व्हायला वेळ असतो. म्हणजे घरात असतो तो गेल्या हंगामाचा, आठ-दहा महिने जुना तांदूळ. नारळ बारमाही. गूळ डब्यात साठवलेला. केळीची पानं आणि पावसाळ्यात फोफावलेली हळदीची पानं परसात. मोदकाला लागणारी झाडून सगळी सामग्री ही अशी हाताशी असते. बाहेरून आणायची ती वेलची आणि जायफळ, तीही चिमूटभर.

महिना बदलला की नैवेद्य बदलतो, हेही बघण्यासारखं आहे. माघ शुद्ध चतुर्थीला, म्हणजे गणेश जयंतीला, तोच देव तिळाचे लाडू खातो. थंडीत तीळ घरात आलेला असतो, म्हणून. भाद्रपदातच गौरी आल्या की कोकणात घावन-घाटलं होतं आणि देशावर पुरणपोळी. सणाचं ताट म्हणजे त्या त्या वेळचा कोठार-हिशेब, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आता जुना तांदूळ हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातून येतात. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो आणि त्याचा चिकटपणा कमी असतो. भातासाठी हे उत्तम, कारण भात मोकळा होतो. मोदकासाठी हे गैरसोयीचं. म्हणून मोदकाला मुळातच चिकटपणाकडे झुकणारी जात लागते: आंबेमोहोर, इंद्रायणी.

पिठी: सगळं इथेच ठरतं

गव्हाच्या कणकेला ताण देतं ते ग्लुटेन. तांदळात ते नसतं. थंड पाण्यात तांदळाचं पीठ कितीही मळा, पारी वळली जाणार नाही, चिरा पडतील. मग उकड एकत्र कशी राहते? शिजलेल्या स्टार्चमुळे. गरम पाणी लागलं की पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, थोडे फुटतात आणि त्यांची खळ तयार होते. हीच खळ उरलेल्या पिठाला बांधून ठेवते.

स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोज सरळ साखळीचं असतं. शिजून गार झालं की ते घट्ट बसतं. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं असतं; ते चिकट आणि मऊ राहतं. तांदळाच्या प्रत्येक जातीत दोघांचं प्रमाण वेगळं. कोलमसारख्या मोकळ्या भाताच्या तांदळात अमायलोज जास्त असतं, त्याची पारी कडक होते आणि कडांना तडकते. याच्या उलट ईशान्येकडचा किंवा पूर्व आशियातला अगदी चिकट तांदूळ वापरला, तर अमायलोज जवळजवळ नसल्यामुळे मोदक वाफेत बसतो, मुखऱ्या विरघळल्यासारख्या पुसट होतात. मोदकाला मधला तांदूळ हवा. मुंबईत बऱ्याच घरांत आंबेमोहोर आणि बासमती तुकडा निम्मे-निम्मे घेतात. आंबेमोहोर पारीला लवचीकपणा देतो, बासमती वास देतो आणि मोदक बसू देत नाही. बासमती अख्खा घ्यायची गरज नाही, दळायचाच आहे, कणी चालते.

एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे उकडा तांदूळ. कोकणात रोजच्या जेवणाला तो असला तरी त्यातला स्टार्च आधीच एकदा शिजून सुकलेला असतो. त्याची पिठी उकळत्या पाण्यात नव्याने तशी खळ धरत नाही. पिठीला साधा, न उकडलेला सुरय तांदूळच घ्यावा.

घरी पिठी करायची तर अशी. एक किलो तांदूळ दोन-तीन पाण्यांतून धुवावा, चाळणीत निथळावा आणि सुती पंच्यावर पातळ पसरावा. ऊन नको, घरातच पंख्याखाली वाळवावा. मुंबईच्या ऑगस्टच्या हवेत याला एक ते दोन दिवस लागतात आणि घाई केली की फसतं. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. वाकल्यासारखा वाटला तर तो ओला आहे: गिरणीत पीठ चिकटतं, आणि डब्यात भरलं की बुरशी येते. दळताना गिरणीवाल्याला सांगून ठेवा, तांदळावरच तांदूळ दळायचा, गव्हावर किंवा डाळीवर नाही. पहिलं मूठभर पीठ बाजूला काढलं तर अजून चांगलं. घरी आल्यावर पीठ मैद्याच्या चाळणीने चाळावं.

धुवायचा खटाटोप कशाला? भाकरीचं पीठही तांदळाचंच असतं की. पण कोरड्या तांदळाचा दाणा जात्यात कचकचीत फुटतो आणि स्टार्चचे कण जास्त दुखावतात. असं पीठ पाणी भराभर पितं आणि उकड एकाच वेळी चिकटही होते आणि तडकतेही. धुऊन वाळवलेला दाणा ठिसूळ होतो, पीठ बारीक आणि मऊ येतं. भाकरीच्या पिठाचे मोदक होतात, पण तुळतुळीत होत नाहीत.

काही गिरण्यांत किलोला मूठभर साबुदाणा घालून दळून देतात. युक्ती खरी आहे. साबुदाण्याच्या स्टार्चमुळे उकड ताणली जाते आणि नवख्या हातालाही पारी सहज होते. मूठभराच्या वर गेलात तर मात्र मोदक दाताखाली रबरासारखा लागतो. विकतच्या तयार मोदक पिठीत काय आहे ते पाकिटावर वाचून घ्यावं, कारण पाण्याचं प्रमाण त्यावर बदलतं.

उकड: पाणी खळखळलं पाहिजे

२१ मोदकांचं प्रमाण. वाटी २०० मिलीची धरली आहे; दुसरी घेतलीत तरी एकच वाटी शेवटपर्यंत ठेवा.

पिठी २ वाट्या, पाणी २ वाट्या, तेल किंवा लोणी २ चहाचे चमचे, मीठ पाव चमचा. पांढरेपणा हवा असेल तर अर्धी वाटी पाण्याऐवजी दूध. पिठी जुन्या तांदळाची किंवा बरेच दिवस डब्यात राहिलेली असेल तर पाव वाटी पाणी वाढवा. नव्या आंबेमोहोराची असेल तर दोन चमचे कमी करा.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, मीठ, तेल उकळायला ठेवा. इथे बहुतेकांची चूक होते. कडेने बुडबुडे आले की पिठी टाकली जाते. ते पाणी अजून उकळलेलं नसतं. ढोबळ हिशेब करून बघा: वाटीभर खळखळतं पाणी १०० अंशांवर, त्यात वाटीभर म्हणजे साधारण १२५ ग्रॅम पिठी खोलीच्या तापमानाला. मिसळलं की मिश्रण ८५ अंशांच्या आसपास येतं. तांदळाचा स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान फुगतो, म्हणजे आपण सुखरूप आहोत. आता पाणी ८० अंशांवर असतानाच पिठी टाकली तर मिश्रण ७० वर येतं, पातेलं आणि उलथनं आपला वाटा घेतात, आणि आपण त्या रेषेच्या खाली घसरतो. पीठ भिजतं पण शिजत नाही. दिसायला उकड ठीक दिसते, मळलीही जाते, आणि कळ्या काढताना कड चिरत जाते. मग दोष हाताला!

तर पाणी पूर्ण खळखळू द्या. आच मंद करा, पिठी एकदम टाका, उलथन्याच्या दांड्याने दहा-पंधरा सेकंद भरभर ढवळा. गुठळ्या राहिल्या तरी घाबरू नका. झाकण घट्ट ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं वाफ आणा, मग गॅस बंद करा. झाकण न काढता दहा मिनिटं तसंच ठेवा. ही दहा मिनिटं रिकामी नसतात, कोरडा राहिलेला भाग या वेळात पाणी ओढून घेतो.

उकड परातीत काढून गरम असतानाच मळायची. गार झालेली उकड मळून उपयोग नाही, कारण शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा आवळत जातो. हात पोळत असेल तर आधी वाटीच्या बुडाला तेल लावून त्याने दाबून घ्या, मग हाताने. शेजारी एका वाटीत पाणी, एकीत तेल. आधी पाण्याचा हात, शेवटी तेलाचा. पाच ते सात मिनिटं तळव्याच्या मागच्या भागाने रगडून मळा. लिंबाएवढी गोळी वळून दाबली आणि कड न चिरता पसरली, की उकड झाली. चिरली तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. हाताला चिकटून येत असेल तर पाणी जास्त झालं आहे. झाकून पाच मिनिटं ठेवा, आणि तरीही सुधारली नाही तर चमचाभर पिठी भुरभुरा. त्याहून जास्त कच्ची पिठी घातली तर पुन्हा न शिजलेल्या पिठाचीच गोष्ट सुरू होते.

मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि थोडी थोडीच बाहेर काढायची. एका वेळी दोन वाट्यांपेक्षा जास्त पिठीची उकड काढू नये. ५१ मोदक करायचे असतील तर तीन वेळा काढा. एकदाच काढलेल्या उकडीचे शेवटचे मोदक हमखास चिरतात.

सारण: गूळ कधी थांबवायचा

नारळाचा चव ३ वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, भाजलेली खसखस दीड चमचा, वेलची पूड, जायफळ. चव खोवताना करवंटीजवळची तपकिरी साल येऊ देऊ नका, सारण काळपट दिसतं आणि दाताखाली लागतं. शहाळ्याकडे झुकलेला कोवळा नारळ टाळा, त्यात पाणी फार.

चिक्कीचा गूळ इथे अजिबात नको, तो गार झाला की कडक होतो. साधा पिवळा गूळ घ्या. काळसर, मऊ गुळात ओल जास्त असते, तो थोडा जास्त आटवावा लागतो.

ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं. गूळ घातला की तो हे पाणी बाहेर ओढतो, म्हणून पहिल्या तीन-चार मिनिटांत सारण पातळ होतं. हे बरोबरच आहे. मग मध्यम-मंद आचेवर पाणी आटत जातं. कढईच्या मधोमध उलथनं फिरवून रेघ काढा: रेघेत पाक जमत असेल तर अजून वेळ आहे. रेघ कोरडी राहिली आणि सारण कडा सोडून गोळा होऊ लागलं की लगेच उतरवा. एकूण दहा-बारा मिनिटं लागतात. सारण गार होताना आणखी घट्ट होतं, त्यामुळे कढईत किंचित ओलसर वाटलं पाहिजे. कढईतच कोरडं केलं तर मोदकात चिक्की होते.

ओलं सारण हे मोदक फुटण्याचं दुसरं मोठं कारण. वाफेत गूळ पुन्हा पातळ होतो, पाक पारीतून वाट काढतो आणि तळ पिवळा होऊन फुटतो. खसखस थोडी ओल शोषून घेते, म्हणून ती नुसती शोभेला नसते. सारण जरा पातळ राहिलंच तर चमचाभर भाजलेली तांदळाची पिठी मिसळा. आणि गरम सारण भरायचं नाही, आतून वाफ धरते.

प्रमाण इतकं काटेकोर का, असं कोणी विचारलं तर त्याचं साधं उत्तर आहे. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नसतं. गोड किती झालं हे जिभेने ठरवता येत नाही, म्हणून जुन्या घरांत ते वाटीने ठरवून ठेवलं आहे.

पारी, मुखऱ्या, वाफ

उकडीचे २१ भाग केले तर एक गोळी साधारण ३० ग्रॅमची होते आणि सारण २० ग्रॅम बसतं. गोळी तेल-पाण्याच्या बोटांनी दाबत सात-आठ सेंटिमीटरची खोलगट वाटी करा. तळ किंचित जाड, कड पातळ. नेमकं उलटं झालं की दोन्हीकडून नुकसान: तळ फुटतो आणि वर कळ्या जमतात तिथे पिठाचा गड्डा होतो.

सारण भरायचं ते कळ्या काढण्याआधी की नंतर? दोन्ही पद्धती आहेत. नवख्या हातांनी आधी भरावं, पारीला आधार मिळतो. मुखऱ्या घेताना अंगठा आणि तर्जनीने कड चिमटीत पकडून अर्धा सेंटिमीटरच्या अंतराने दुमडत जायचं, आणि चिमटा नुसता काठावर न ठेवता पारीच्या निम्म्या उंचीपर्यंत खाली न्यायचा. नुसत्या काठावर काढलेल्या कळ्या वाफेत पुसल्या जातात. अकरा-बारा कळ्या पुरतात. मग मोदक तळहातावर फिरवत सगळ्या कळ्या हलकेच वर जुळवायच्या, टोक पिळून बंद करायचं आणि जास्तीची उकड खुडायची. टोकाला छिद्र राहिलं तर तिथून वाफ आत जाते, बाहेर येते, आणि कळ्या उघडतात.

साच्याचे मोदक कमअस्सल, असं म्हणायची पद्धत आहे. चवीत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो पारीच्या जाडीत: साच्यात उकड दाबून भरावी लागते, त्यामुळे पारी जाड येते आणि सारण कमी बसतं. शंभर मोदकांची ऑर्डर असेल तर साचा शहाणपणाचा. घरच्या अकरासाठी हातच बरा.

वाफेला मोदकपात्र हवं, किंवा शिट्टी काढलेला कुकर. चाळणीवर केळीचं किंवा हळदीचं पान ठेवून त्याला तेलाचा हात फिरवा. हळदीच्या पानाचा वास मोदकात उतरतो. केळीचं पान फक्त चिकटू देत नाही. प्रत्येक मोदक क्षणभर गार पाण्यात बुडवून पानावर ठेवायचा. त्या पाण्याने पृष्ठभाग सुकत नाही, आणि सुकलेला पृष्ठभागच तडकतो. मोदकांमध्ये बोटभर अंतर. खालचं पाणी आधीच उकळत असलं पाहिजे. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून मोदकावर खड्डे येतात.

वेळ १० ते १२ मिनिटं, बस. उकड आधीच शिजलेली आहे, सारणही शिजलेलं आहे. मोदक फुटेल या भीतीने कमी नाही, कच्चा राहील या भीतीने जास्त वेळ ठेवला जातो आणि वीस मिनिटं वाफवला की पारी जास्त पाणी पिऊन फाटते. ओल्या बोटाने स्पर्श केला आणि बोटाला चिकटला नाही, वर चकाकी आली, की झाला. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग उचला. वाढताना टोक फोडून आत चमचाभर साजूक तूप.

ताटात बऱ्याच घरी २१ मोदकांच्या जोडीला उकडीचीच एक करंजी असते, भावाला बहीण म्हणून.

गिरगाव, दादर आणि माव्याचा मोदक

मुंबईत हा कोकणी पदार्थ शहराचा झाला तो माणसांबरोबर. १८५४ मध्ये इथे पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत रत्नागिरीकडून माणसं बोटींनी येत राहिली. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत एकेका खोलीत चूल होती, आणि चाकरमान्यांना गणपतीला गावी जाणं जमलं नाही तर गावचा नैवेद्य खोलीतच व्हायचा. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. सार्वजनिक गणपती म्हणजे रोज शेकडो माणसांना प्रसाद, आणि तिथे उकडीचा मोदक उपयोगाचा नाही. तो दुसऱ्या दिवशी टिकत नाही, वाटताना फुटतो, हात चिकट करतो. म्हणून मंडपात खिरापत आली: सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. पाणीच नाही, त्यामुळे आंबायचा प्रश्न नाही. आणि मिठाईच्या दुकानांत माव्याचा मोदक आला. तो खरं तर पेढाच, फक्त साच्याने मोदकाचा आकार दिलेला. चॉकलेट, आंबा, पिस्ता अशा चवींचं त्याचं पीक दरवर्षी वाढतंय. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्याकडून उकडीच्या मोदकाची अपेक्षा करू नये.

तळणीचे मोदक या दोघांच्या मध्ये येतात. कणीक, थोडा रवा, कडकडीत तेलाचं मोहन, आत सुकं खोबरं आणि पिठीसाखर. मंद आचेवर तळून पाणी पूर्ण काढलं की डब्यात आठवडाभर राहतात. प्रवासाला, लांबच्या पाहुण्यांना हेच पाठवावेत. तेल फार तापलं की वरून लाल आणि आतून कच्चे राहतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

उरले तर

ओल्या नारळामुळे उकडीचा मोदक मुंबईच्या दमट हवेत त्याच दिवशी संपवावा. रात्री फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी पारी दगड झालेली दिसेल. ती वाळलेली नसते. शिजलेला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात भराभर आवळतो, एवढंच. पाच-सहा मिनिटं वाफ दिली की पुन्हा मऊ होतो. मायक्रोवेव्हमध्ये नुसताच ठेवला तर कडा चामड्यासारख्या होतात. ठेवायचाच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून. जास्त दिवस ठेवायचे असतील तर फ्रिजपेक्षा फ्रीझर बरा, तिथे हे आवळणं मंदावतं. वाफवलेले मोदक गार करून हवाबंद डब्यात गोठवा आणि न वितळवता थेट दहा-बारा मिनिटं वाफवा.

आदल्या दिवशी काय करून ठेवता येतं? सारण दोन-तीन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवा. पिठी चाळून, मोजून ठेवा. उकड मात्र कधीच नाही.

आणि परातीत उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करा. वाटीभर उकडीला दोन हिरव्या मिरच्यांचा ठेचा, अर्धा चमचा जिरं, कोथिंबीर, चवीपुरतं मीठ. मळून लहान जाडसर पुऱ्या थापायच्या, मध्ये बोटाने खळगा करायचा म्हणजे मधोमध कच्ची राहत नाही, आणि मोदक उतरवले त्याच पानावर आठ मिनिटं वाफवायच्या. वर कच्चं तेल, शेजारी दही. गोड खाऊन झालेल्या पंगतीत या आधी संपतात, म्हणून उकड मुद्दाम अर्धी वाटी जास्त काढलेली बरी.